एक तोळा तांबं

आजीच्या पाटल्या, सराफाचा काटा आणि अमेरिकेतल्या डोंगरांत होणारी एल्कची शिकार, या तिन्हींना जोडणारा एक आकडा आहे. १८०.

इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळ्याचं वजन कायद्याने ठरवलं, ते १८० ग्रेन. म्हणजे ११.६६ ग्रॅम. आज सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, ती नंतरची सोय. जुन्या हिशेबात एका तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे ग्रेन साधारण अर्ध्या गुंजेएवढा. आपल्याकडून हे माप कधीच गेलं. अमेरिकेत मात्र काडतुसाची गोळी आणि तिच्यामागची दारू आजही ग्रेनमध्येच मोजतात. .३०० विंचेस्टर मॅग्नम या शिकारी काडतुसात सर्रास वापरली जाणारी गोळी बरोबर १८० ग्रेनची असते. एक तोळा. आवाजाच्या अडीच पटीहून जास्त वेगाने जाणारा एक तोळा.

हा हिशेब मी मांडला तो शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये बसून. त्याला तोळा माहीत नव्हता. ऐकून त्याने हातातली गोळी पुन्हा एकदा तराजूत टाकली, आणि काटा स्थिर झाल्यावर म्हणाला, ‘‘तुमचे सोनार बरे लोक दिसतात.’’

दारू लपवलेलं गाव

मी कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्समध्ये राहतो. वय २८, काम बॅकएंडचं, व्हिसा एच-१बी. गावातून वाहणाऱ्या नदीचं नाव कॅश ला पूड्र. फ्रेंचमधून अर्थ लावला तर ‘दारू लपव’. हिमवादळात सापडलेल्या फरच्या व्यापाऱ्यांनी ओझं हलकं करायला बंदुकीची दारू इथे नदीकाठी पुरून ठेवली, अशी या नावाची कथा सांगतात. इथले लोक तिला सरळ ‘पूडर’ म्हणतात. आमच्याकडे टीममध्ये नवीन आलेला माणूस फ्रेंच उच्चार करतो, आणि सगळे हसतात.

शेजारी ७१ वर्षांचा आहे. मशिनिस्ट म्हणून आयुष्य गेलं, बायको चार वर्षांपूर्वी वारली, मुलगी दूर दुसऱ्या राज्यात. ओळख झाली ती त्याचा प्रिंटर चालत नव्हता म्हणून. गॅरेजमध्ये गाडी नव्हती. एक लाकडी बाक, त्यावर बोल्टने घट्ट बसवलेली प्रेस, दांडीचा तराजू, आणि भिंतीशी १९७९ पासूनच्या वह्या. तो स्वतःची काडतुसं स्वतः भरतो. इथे याला हँडलोडिंग म्हणतात.

आपल्याकडे हा छंद म्हणून कल्पनेतही बसत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, आणि शिकारीचा विषय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवला. इथे मात्र बाकावर बसून काडतूस भरणं म्हणजे घरी लोणचं घालण्याइतकं साधं मानतात.

माझ्यासाठी ते तितकं साधं नव्हतं. एच-१बीवर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला इथल्या केंद्रीय कायद्याची मनाई आहे. अपवाद मोजके, त्यातला एक म्हणजे शिकारीचा चालू परवाना. माझ्याकडे तो नाही. त्यामुळे पहिल्या दिवसापासून आमचा नियम ठरला: मी कशालाही हात लावायचा नाही. मी स्टुलावर बसणार, मांडीवर लॅपटॉप. तो आकडे सांगणार, मी टाइप करणार. त्याच्या वहीतलं अक्षर आता त्यालाच वाचता येईना, आणि डावा हात थोडा थरथरायला लागला होता. हे त्याने तेव्हा सांगितलं नाही. मला दिसलं.

पऱ्हाटी आणि बाभूळ

काडतुसाचे चार भाग: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी प्राइमर, आत दारू, तोंडाशी गोळी. यातली पुंगळीच काय ती परत वापरता येते. ती धुवायची, वंगण लावून डायमधून दाबून मूळ आकारात आणायची, लांबी व्हर्नियरने मोजून जास्तीची कापायची. मग वाकवलेल्या तारेचं टोक आत घालून बुडाजवळ फिरवायचं. तिथे तार अडखळली तर पितळ आतून झिजलंय, पुंगळी फेकायची. शेजारी हे डोळे मिटून करतो. ‘‘इथे डोळे खोटं बोलतात,’’ म्हणतो.

मॅग्नम हा शब्द मूळचा शॅम्पेनच्या मोठ्या बाटलीचा. मराठीत हे फारच सोपं जातं: दारूच्या बाटलीचं नाव दारूच्या काडतुसाला. जास्त दारू मावते ते मॅग्नम. .३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३ मध्ये बाजारात आलं. त्याच्या बुडाशी एक पट्टा असतो. तो १९१२ च्या हॉलंड अँड हॉलंडच्या .३७५ काडतुसाकडून आलेला. त्या काडतुसाचा खांदा इतका उतरता होता की चेंबरमध्ये पुंगळी नेमकी कुठे थांबणार हे ठरवायला पट्टा हवाच होता. नव्या काडतुसाला चांगला ठसठशीत खांदा आहे, पट्ट्याची गरज नाही, तरी पट्टा राहिला. हँडलोडिंग करणारे पट्ट्याकडे दुर्लक्ष करून खांद्याच्याच मापाने पुंगळी बसवतात. आमच्या कोडबेसमध्ये असे पट्टे भरपूर आहेत.

आता खरा प्रश्न: दारू कुठली?

हे मला शेजाऱ्याने समजावलं आणि मी ते मनातल्या मनात वऱ्हाडात नेलं. आमचं गाव अकोट तालुक्यात. चुलीत पऱ्हाटी घातली की भडका होतो आणि दोन मिनिटांत राख. बाभळीचं खोड घातलं तर भाकरी होऊन वरण शिजेपर्यंत पुरतं. जळण दोन्ही, फरक जळण्याच्या वेगाचा. बंदुकीच्या दारूचंही तेच. पिस्तुलाच्या छोट्या काडतुसाला पऱ्हाटी लागते. मॅग्नमला बाभूळ.

कारण असं. पुंगळी मोठी, तिच्यापुढची नळी जेमतेम ७.६२ मिलिमीटरची, आणि मध्ये एक तोळ्याची गोळी अडून बसलेली. इथे भडकणारी दारू घातली तर गोळी हलायच्या आत सगळा वायू तयार होईल आणि दाब कुठल्या कुठे जाईल. सावकाश जळणारी दारू गोळी पुढे सरकत असताना मागून ढकलत राहते. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास आटपतं, तेव्हा ‘सावकाश’ हा शब्द जपून घ्यायचा. या काडतुसाला ठरवून दिलेली दाबाची मर्यादा ६४,००० पीएसआय आहे. गाडीच्या टायरमध्ये ३२ असतो. दोन हजार पट. आणि हा दाब रायफल खांद्याला लावलेल्या माणसाच्या गालापासून वीतभर अंतरावर असतो.

त्यात एक मेख आहे. ही दारू दाब वाढला की जास्त वेगाने जळते, आणि जास्त वेगाने जळली की दाब वाढतो. म्हणून चिमूटभर जास्त घातली तर परिणाम चिमूटभर वाढत नाही. बरं, ‘मग थोडी कमीच घालू’ हेही चालत नाही. मोठ्या पुंगळीत सावकाश जळणारी दारू फार कमी भरली तर कधीकधी दाब उलट भयंकर चढल्याच्या नोंदी आहेत. का चढतो यावर तज्ज्ञांचे अजून वाद आहेत. म्हणून मॅन्युअलमध्ये कमाल आकड्यासोबत किमानही दिलेला असतो. त्या दोन आकड्यांच्या मधल्या पट्टीत खालून सुरुवात करायची, आणि हळूहळू वर जायचं. अंदाज, आठवण, इंटरनेटवरच्या कुणाचा तरी अनुभव, यातलं काहीही बाकावर चालत नाही.

सरकी

एकदा मी विचारलं, ही दारू बनते कशापासून? तो म्हणाला, ‘‘कापसापासून. तुला माहीत नाही?’’

मी कापसाच्या घरातला. आजोबांनी जन्मभर कापूस वेचला आणि विकला. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला बारीक तूस चिकटून राहतं, ते मी लहानपणी नखाने खरवडलेलं आहे. ते तूस म्हणजे लिंटर. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की त्याचं नायट्रोसेल्युलोज होतं. १८४६ मध्ये बाझलच्या शॉनबाइनने ही स्फोटक कापसाची गोष्ट जगापुढे आणली. पण ती बंदुकीत वापरायला फारच आडदांड होती. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएयने तिला काबूत आणलं आणि धूर न करणारी दारू तयार झाली. आजही अशी दारू कापसाच्या लिंटरपासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून बनते. युक्रेनच्या युद्धानंतर तोफगोळ्यांसाठी नायट्रोसेल्युलोजची मागणी इतकी वाढली की शेजाऱ्याच्या नेहमीच्या दुकानातली फळी कित्येक महिने रिकामी होती.

काडतूस घरी भरण्याच्या भीतीचा आपल्याशीही एक जुना संबंध आहे. १९०७ मध्ये इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० कॅलिबरच्या रायफली आणण्यावर बंदी घातली. जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलींची गोळी त्याच मापाची. साहेबांच्या शिकारी काडतुसांचा ऐवज बंडखोरांच्या उपयोगी पडेल, ही भीती. लंडनच्या बंदूकवाल्यांनी मग .४६५, .४७०, .४७५ अशी मापं पुढे आणली. वाघ-हत्ती मारणाऱ्या त्या नामांकित काडतुसांच्या आकड्यांमागे हिंदुस्थानातल्या बंडाची धास्ती आहे, हे शेजाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी सांगितलं आणि त्याने वहीत लिहून घेतलं.

नेम चुकला तर

शेजारी आयुष्यभर शिशाच्या गोळ्या वापरत आला. शिशाची गोळी जनावरात शिरल्यावर तिचे बारीक तुकडे होतात. शिकारी आतडी रानात टाकून जातो, ती गरुड खातात आणि शिशाच्या विषाने मरतात. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशावर पूर्ण बंदीच घातली. कोलोरॅडोत तशी बंदी नाही. पण त्याने स्वतःहून तांब्याच्या गोळ्या घेतल्या. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते, पुंगळीत जास्त जागा खाते, आणि जुने सगळे आकडे बाद होतात. सत्तरीत त्याने सगळं पहिल्यापासून सुरू केलं.

इथे मी कामाला आलो. तो पाच गोळ्या झाडायचा, वेग मोजायचा, प्रमाण विचलन काढायचा आणि ‘ही दारू चांगली, ती वाईट’ असा निकाल द्यायचा. मी त्याला दाखवलं की पाच नोंदींवरून विचलन सेकंदाला १० फूट आलं, तर खरं विचलन ६ पासून २९ पर्यंत काहीही असू शकतं. तीस नोंदी घेतल्या तर ते ८ ते १३ मध्ये सापडतं. म्हणजे त्याच्या वह्यांमधले चाळीस वर्षांचे कितीतरी निकाल नुसता योगायोग असू शकतात.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘आणि समजा वेगात २० फुटांचा फरक पडला. तीनशे यार्डांवर गोळी किती खाली जाईल?’’

मी गणित केलं. एक सेंटिमीटरही नाही. एल्कची फुप्फुसं आणि हृदय मिळून फूटभराहून मोठी जागा असते. उलट ताशी दहा मैलांचा आडवा वारा त्याच गोळीला तेवढ्याच अंतरावर सहा-सात इंच बाजूला नेतो.

‘‘मग हे सगळं कशासाठी?’’ मी विचारलं. खरंच विचारलं. दोन हिवाळे मी या स्प्रेडशीटवर घालवले होते.

‘‘नेम चुकला तर काडतुसाला दोष देता येऊ नये म्हणून,’’ तो म्हणाला. ‘‘जखमी जनावर रात्रभर रानात फिरतं. तेव्हा कारण कोण हे मला माहीत असलं पाहिजे.’’

दोन बरण्या

मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी त्याचा फोन आला. ‘‘लॅपटॉप आण.’’ बाकावर चाळीस भरलेली काडतुसं ओळीने उभी होती. आणि बाकावर दोन बरण्या होत्या.

बाकावर एका वेळी एकच बरणी, हा या कामातला पहिला नियम. त्यानेच मला शिकवलेला. या दोन बरण्यांवर एकच आकडा होता: ४८३१. एकीवर एच, दुसरीवर आयएमआर.

या नावांचा घोळ जुना आहे. ४८३१ ही दुसऱ्या महायुद्धात २० मिलिमीटर तोफेसाठी बनलेली दारू. युद्ध संपल्यावर ब्रूस हॉजडनने शिल्लक साठा विकत घेऊन शिकाऱ्यांना स्वस्तात विकला. मॅग्नमला हवी तशी सावकाश जळणारी दारू अमेरिकेत घरोघर पोचली ती अशी. तीच एच-४८३१. पुढे ड्युपाँटने त्याच आकड्याची आयएमआर-४८३१ काढली. ती जास्त वेगाने जळते. आज दोन्ही ब्रँड हॉजडनकडेच आहेत, पण दारू दोन वेगळ्या आहेत. एकीच्या मॅन्युअलमधला कमाल आकडा दुसरीला लावला की दाब मर्यादा ओलांडतो. आणि दोन्हींचे दाणे दिसायला सारखेच, गडद राखाडी, शेवयांचे बारीक तुकडे केल्यासारखे.

‘‘मी एच भरली,’’ तो म्हणाला. ‘‘बहुतेक.’’

त्या ‘बहुतेक’नंतर कुणी काही बोललं नाही.

मी मनात शक्यता मांडत होतो. एच-ची बरणी तराजूजवळ होती. आयएमआर-चं झाकण बंद होतं. बरण्यांचं वजन करून, कालच्या नोंदीशी ताडून पाहता येईल का? शक्यता त्याच्या बाजूने होती. ऑफिसमध्ये एवढ्या पुराव्यावर आम्ही रिलीज करतो.

त्याने बरण्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. खणातून प्लास्टिकचं हातोड्यासारखं अवजार काढलं. त्याच्या डोक्यात काडतूस अडकवायचं आणि ठोकळ्यावर आपटायचं. दोन-तीन ठोक्यांत गोळी निसटते आणि दारू आत सांडते. चाळीस काडतुसं. मी काडतुसांना हात लावू शकत नव्हतो. कायदा आड येत होता, आणि खरं सांगायचं तर त्याने लावूही दिला नसता. मी फक्त मोजत होतो. अकरा. बारा. थरथरणारा हात ठोका मारताना थरथरत नव्हता, थांबल्यावर थरथरत होता.

चाळीसावं झालं तेव्हा बाहेर अंधार पडला होता. एका भांड्यात दारूचा ढीग. कुठली ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं, म्हणून ती कशालाच उपयोगी नव्हती. तो ती घेऊन मागच्या अंगणात गेला आणि हिरवळीवर पातळ पातळ विखरून टाकली, पेरणी करावी तशी. त्यात नायट्रोजन असतो, गवताला चालतो.

दुसऱ्या दिवशी आयएमआर-ची बरणी गॅरेजमध्ये नव्हती. आणि नवा नियम झाला: झाकण उघडण्याआधी लेबल मी मोठ्याने वाचायचं. माझा आवाज आल्याशिवाय तो झाकण फिरवत नाही.

आजी

हे सगळं मी आजीला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. आजी माळकरी. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. मी शिकाऱ्याच्या गॅरेजमध्ये बसतो हे आईला आवडत नाही, ती विषय बदलते. आजी बदलत नाही.

‘‘काहून मारते थो त्या जनावराले?’’ तिने विचारलं.

मला माहीत असलेली उत्तरं मी दिली. तो वर्षभर तेच मांस खातो. खाण्याजोगं मांस वाया घालवणं इथे गुन्हा आहे. बंदुका-काडतुसांवर कर आहे, रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के, आणि १९३७ च्या कायद्याने तो पैसा वन्यजीवांसाठी जातो. आजीने सगळं ऐकून घेतलं. तिचं समाधान झालं नाही. माझंही पूर्ण झालेलं नाही. एल्क हा काश्मीरच्या हंगुलचा जवळचा नातलग. पहाटे कुरणावर उभा असतो तेव्हा त्याच्या नाकातून निघणारी वाफ दिसते, आणि टक्केवारी आठवत नाही.

मग मी चाळीस काडतुसांची गोष्ट सांगितली. आजी थोडा वेळ गप्प राहिली.

‘‘पोरंसोरं नाहीत का त्याच्यापाशी?’’

‘‘मुलगी आहे. लांब.’’

‘‘मानूस बरा हाये,’’ ती म्हणाली. ‘‘तू जात जाय त्याच्याकडं.’’ जनावराबद्दलचं मत तिने बदललं नाही.

आकडा

त्याच्या चालू वहीच्या पहिल्या पानावर दर वर्षी एक आकडा असतो: यंदा जास्तीत जास्त किती अंतरावरून गोळी झाडायची. जुन्या वह्या स्कॅन करताना मला ती पानं एकापाठोपाठ एक दिसली. पन्नाशीत ४०० यार्ड. बरीच वर्षं तेच. मग ३५०. बायको गेली त्या वर्षी काहीच नाही, नुसती तारीख. मग ३००. यंदा २००.

त्याची रायफल ४०० ला आजही पुरते, दारूही पुरते, आणि तांब्याची गोळी तर आधीपेक्षा नेमकी जाते. माझ्या स्प्रेडशीटमधला प्रत्येक आकडा वर्षागणिक सुधारत गेलाय. कमी होत गेलेला आकडा एकच, आणि तो त्याने स्वतः, कुणी न सांगता, पेनने लिहिलेला.

‘‘शून्य आलं की?’’ मी विचारलं.

‘‘मग तुला मांस विकत घ्यावं लागेल.’’ मी मांस खात नाही हे तो दर वेळी विसरतो. किंवा विसरल्यासारखं करतो.

शिकारीच्या शिक्षणाचा इथला कोर्स मी केलाय. परवाना काढलेला नाही. काढला तर कायद्याने मला काडतूस हातात घेता येईल, एक तोळा तांबं तळहातावर ठेवून बघता येईल. ते वजन कसं लागतं याची उत्सुकता आहे. पण ते हातात आल्यावर पुढची पायरी कुठली, हेही मला दिसतं. आणि ती मला चढायची आहे का, हे अजून ठरत नाही.

ऑक्टोबरमध्ये आम्ही कॅमेरॉन पास ओलांडून नॉर्थ पार्कच्या बाजूला उतरणार आहोत. तो रायफल घेईल, मी नारिंगी जॅकेट घालून रिकामी सॅक. एल्क पडला तर मांस गाडीपर्यंत वाहायचं. तीनशे किलोंचं जनावर, चार-पाच खेपा. त्याआधीचं काम छोटं आहे. अंतर मोजायची दुर्बीण माझ्याकडे असेल. आकडा २०० च्या वर आला, तर तो मोठ्याने वाचायचा.